चाकांवरच्या घरात अकरा महिने: सगळी भानगड पाण्याची

मोटरहोम घेण्याआधी आम्ही नवरा-बायको तीन आठवडे भांडलो ते सोलर पॅनल किती वॅटचं घ्यायचं आणि पलंग आडवा हवा की उभा, यावरून. पाण्याबद्दल दोघांपैकी कुणी एक शब्द काढला नाही. आता अकरा महिने याच गाडीत पूर्णवेळ राहिल्यावर बोलायला पाण्याशिवाय विषय नाही.

आमची पिण्या-वापराची टाकी १०० लिटरची. सुरुवातीला ती दोन दिवसांत कोरडी व्हायची. आता पाच दिवस पुरते. अंग भिजलं की शॉवर बंद, साबण लावून झाला की परत चालू. गरम पाणी यायच्या आधीचं थंड पाणी बादलीत धरायचं. भांडी आधी कागदाने पुसून मगच विसळायची. हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं. मला वेळ लागला तो पंपाची सवय व्हायला. नळ सोडला की तो घरघरतो, त्यामुळे रात्री कोण उठलं ते दुसऱ्याला कळतंच. पण एका रात्री दोघंही झोपलेले असताना तो एक सेकंद वाजला. वीस मिनिटांनी पुन्हा. सगळे नळ बंद असताना पंप वाजतो म्हणजे कुठेतरी पाणी गळून दाब उतरतोय. पहाटे तीनला सिंकखालचं सगळं सामान बाहेर काढल्यावर सापडला एक सैल झालेला जोड. दोन हात लांब झोपलो होतो म्हणून ऐकू तरी आलं.

शिवाय पाणी जड. एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलो होतो, पण टाकी भरताना डोक्यात येत नाही. सगळं सामान भरून एकदा गाडी वजनकाट्यावर नेली, तर कागदपत्रांत दिलेल्या मर्यादेपेक्षा ६० किलो जास्त. टायर आणि ब्रेक त्या मर्यादेच्या हिशोबाने दिलेले असतात. तेव्हापासून प्रवासात टाकीत तीसेक लिटरच ठेवतो आणि मुक्कामाजवळ पोचल्यावर भरतो. गाडी घेणाऱ्याने वजनकाटा पहिल्याच आठवड्यात गाठावा.

आत आलेलं पाणी बाहेरही न्यावं लागतं. कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची टाकी काढून नेऊन रिकामी करायचं टॉयलेट, १८ लिटरचं. दोघांत अडीच दिवस, पाहुणा आला तर विचारू नका. ते रिकामं करण्याची किळस चौथ्या-पाचव्या वेळेला जाते, खरंच. मला जास्त छळलं ते सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याने. त्यात तेलकटपणा असतो, आणि उन्हात तापलेल्या टाकीला जो वास येतो त्यापुढे टॉयलेट परवडलं. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी हिंदकळली की मोरीच्या नळीतलं वास अडवणारं पाणी निसटतं आणि सगळा दर्प आत. निघताना मोरीला बूच लावायचं, एवढाच उपाय. तो कळायला आम्हाला चार महिने लागले.

थंडी सुरू झाली आणि पाणी हवेतून यायला लागलं. दोन माणसं रात्रभर श्वासातून आणि त्वचेतून मिळून अर्धा लिटर तरी ओल सोडतात. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. इवल्याशा खोलीत ती जाणार कुठे? सकाळी काचांवरून धारा, आणि एक दिवस गादी उचलली तर खाली काळी बुरशी. थंडी वाजते म्हणून आम्ही सगळ्या फटी बंद करून बसलो होतो, नेमकं चुकीचं. आता हीटर चालू आणि छताची खिडकी बोटभर उघडी, दोन्ही एकदम. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी टाकली. (शेगडी पेटवून गाडी ऊबदार करण्याचा मोह मात्र कधीही नको. कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचा अलार्म हवाच. आणि गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो.)

वरून येणाऱ्या पाण्याची गोष्ट रागाची आहे. छताच्या खिडकीभोवतीचं सीलंट सहाव्या महिन्यात भेगाळलं, आतली भिंत दाबली तर मऊ लागायला लागली. गाडी विकणारा म्हणाला, थोडी ओल असतेच. नसते. आत कुजायला लागलेलं लाकूड आम्ही पदरच्या पैशांनी बदललं. आता दर तीन महिन्यांनी शिडी लावून छत मीच तपासते.

बाकीचं थोडक्यात. २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी फ्रिज, दिवे आणि दोन लॅपटॉपना पुरते. इंडक्शन शेगडी तिच्यावर लावली की ती डोळ्यांदेखत उतरते. गारव्यासाठी झाडाखाली थांबलो की पॅनल आळशी होतं. बँक आणि विमावाले कायमचा पत्ता मागतात, दिरांच्या घरचा दिला आहे. भांडण झालं तर एकाने फेरफटका मारायला जायचं, कारण एक उभं असेल तर दुसऱ्याला बसावंच लागतं एवढीच जागा. पहिल्या दोन महिन्यांत रोज गाडी हाकत होतो, दमून गेलो. आता एका ठिकाणी दहा-बारा दिवस राहतो.

गाडी विकणार नाही. पुढच्या महिन्यात सांडपाण्याची मोठी टाकी बसवतोय. जादा सोलर पॅनलसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले आणि या वेळी भांडण झालं नाही.