इमोरीची टाकी: अकरा महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात तोक्योतल्या, निशिकासाईच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात दोन न्यूट आले, म्हणजे पालीसारखे दिसणारे, पण बेडकासारखे उभयचर प्राणी. जपानीत त्यांना इमोरी म्हणतात. पाठ काळी, पोट लालभडक आणि त्यावर काळे ठिपके. पालीला इथे यामोरी म्हणतात. यामोरी घर राखते आणि इमोरी विहीर, असं शेजारच्या आजींनी समजावलं. सासूबाईंना हा फरक व्हिडिओ कॉलवर मी तीनदा सांगितला, पण त्यांच्या लेखी ती पालच.

जोडी दोन हजार येनच्या आत मिळाली. टाकी, फिल्टर, वनस्पती आणि पुढे घ्यावा लागलेला पंखा धरून खर्च त्याच्या दहापट झाला, त्यातला निम्मा चुकीच्या जागी.

टाकी ६० सेंटीमीटरची आहे. पाणी काठोकाठ भरत नाही, १८ सेंटीमीटरच ठेवते. यांना अधूनमधून बाहेर येऊन बसायला लागतं, म्हणून एका कोपऱ्यात बुचाच्या सालीचा तुकडा तरंगत ठेवलाय. फिल्टर आधी दुकानदाराच्या सांगण्यावरून जोराच्या धारेचा घेतला. बिचारे दिवसभर कोपऱ्यात चिकटून बसायचे. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावला आणि दुसऱ्याच दिवशी फिरायला लागले. बारीक रंगीत खडीही काढून टाकली, कारण खाण्याबरोबर खडा गिळला तर पोटात अडकतो. आता तळ मोकळा आहे. दिसायला भकास, पण घाण लगेच दिसते आणि ओढून काढता येते.

टाकी आणि प्राणी एकाच दिवशी आणणं ही माझी सगळ्यात मोठी चूक. विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला महिनाभर लागतो. तोवर मी दिवसाआड एक तृतीयांश पाणी बदलत होते, प्रत्येक वेळी क्लोरीन मारायचं औषध टाकून.

झाकणाचं मात्र कुणीच बजावलं नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी टाकीत एकच इमोरी. मनात शंकेची पाल चुकचुकली (ही खरी पाल!). ओल्या काचेवर ही मंडळी सहज चढतात, आणि हवेच्या नळीसाठी ठेवलेली दोन बोटं रुंदीची फट पुरेशी होती. तासाभराने लेकाला तो चपलांच्या कपाटामागे सापडला. धुळीच्या लोळात गुंडाळलेला, वाळून सुकट झालेला. मला वाटलं संपलं. वाडग्यात थोडं पाणी घेऊन त्यात ठेवला, तर दहा मिनिटांनी एक पाय हलला. आता झाकणाला चिमटे आहेत आणि फटीत स्पंज कोंबलाय.

खाणं सोपं. गोठवलेल्या लाल अळ्यांचा तुकडा वितळवून चिमट्याने तोंडापुढे धरते. नजर फारशी तीक्ष्ण नाही, वासावर चालतात, त्यामुळे दुसऱ्याचा पाय अळी समजून चावणंही होतं. कात टाकली की तीही खाऊन टाकतात. कातडीत फुग्या माशात असतं तेच विष, टेट्रोडोटॉक्सिन, असतं, म्हणून टाकीत हात घातला की साबणाने धुवायचे. लेकाला हे एकदाच सांगावं लागलं. सोबत मासे ठेवू नयेत, दोघांनाही धोका.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. यांना १५ ते २२ अंशांचं पाणी मानवतं, आणि जुलैत टाकीचा थर्मामीटर ३० दाखवत होता. दोघं पाण्यात उतरेनात, अळीकडे ढुंकून बघेनात. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा लावला, त्याने तीनेक अंश उतरले. पण बाष्पीभवनामुळे रोज जवळजवळ एक सेंटीमीटर पाणी कमी व्हायचं. शेवटी एसी दिवसरात्र २५ वर. त्या महिन्याचं वीजबिल नवऱ्याने फ्रिजवर लावून ठेवलं. आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, गुहा आणि प्लॅस्टिकचा किल्ला विसरा, ते पैसे पंख्यात आणि झाकणात घाला.

एप्रिलमध्ये कळलं की जोडी खरोखरच जोडी आहे. मादी मागच्या पायांनी पान दुमडून त्यात एकेक अंडं ठेवत होती. मी दुसरं भांडं शोधेपर्यंत दोघांनी मिळून बरीचशी खाल्ली होती.

नीट सांभाळले तर हे वीस वर्षंही जगतात, हे आम्हाला घेऊन आल्यावर कळलं. थंडीत आठवडाभर उपाशी ठेवून गावाला जाता येतं. गणपतीच्या दिवसांत मात्र तोक्योत उकाडा असतो. म्हणून यंदा मी आणि लेक सांगलीला आलोय, नवरा मागे राहिलाय. रोज रात्री आरती झाली की त्याच्याकडून थर्मामीटरचा फोटो येतो. कालचा २४ होता.