आधी ससे की हंस?

घरच्या वाडीवर नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी ससे घ्यावेत की हंस? माझं मत सशांकडे झुकतं, कारण शिकायला लवकर मिळतं. मिलनानंतर मादी साधारण 31 दिवसांत विते. मात्र मिलनासाठी मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, उलट नाही. तिच्या जागेत नर शिरला तर ती अंगावर धावून जाते. मिलनापासून 28व्या दिवशी मादीजवळ गवत घातलेली पेटी ठेवा. विण्याआधी ती स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यात अंथरते. पिल्लं बिनकेसांची, आंधळी असतात. डोळे उघडायला 10-12 दिवस लागतात. रोज हलक्या हाताने पेटी तपासा, मेलेलं पिल्लू लगेच काढा. उन्हाला फार जपा: उष्म्याने ससे पटकन दगावतात आणि नर काही काळ वांझ होतो.

हंसांचं तंत्र निराळं. मोकळं गवत मिळालं की चाऱ्याचा खर्च उतरतो, आणि अनोळखी माणूस दिसला की कलकलाट करून वाडी जागी करतात. पण अंडी हंगामीच, नर-मादी ओळखणं अवघड, आणि जोडी जमायला वेळ लागतो. डोकं पूर्ण बुडेल एवढं पाणी मात्र हवंच. डोळे-नाकपुड्या ते त्यातच धुतात. जागा तोकडी असेल तर हंस घेऊच नका.