चारशे ग्रॅम कापड आणि सेहेचाळीस हजार रुपये

पाटबंधारे खात्यातील नोकरीची ३४ वर्षे मी पाण्याचे उतार मोजण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर जेमतेम २० चौरस फुटांच्या एका कापडावर साचलेल्या पाण्याने मला गाठले. हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु नागपूर आणि आसपासच्या भागात आता कॅराव्हॅन विकत घेणारी किंवा टेम्पो ट्रॅव्हलरचे फिरते घर करून घेणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. ज्या वस्तूत मी फसलो ती म्हणजे ऑनिंग, गुंडाळता येणारे कापडी छत. ते गाडीच्या टपावर, नजरेच्या वर आणि बहुतेक वेळ गुंडाळलेल्या अवस्थेत राहते, त्यामुळे फसवणूक ध्यानात येईपर्यंत पैसेही गेलेले असतात आणि फसवणाराही फोन उचलेनासा झालेला असतो.

२०२३ च्या दिवाळीनंतर मी आणि माझे मेहुणे यांनी भागीत एक वापरलेली कॅराव्हॅन घेतली. तिच्या डाव्या अंगाला सरकती खोली आहे. अमेरिकेत १९९० नंतर ही सोय मोठ्या प्रमाणावर रुळली, आपल्याकडे मात्र ती अजून विरळाच. गाडी उभी केल्यावर बटण दाबले, की भिंतीचा ८ फूट लांबीचा भाग टेबलाच्या खणासारखा अडीच फूट बाहेर येतो आणि आत पलंगापुरती जागा होते. आमच्याकडे काम करून गेलेले कारागीर तिला सरळ ‘ड्रॉवर’ म्हणत, आणि ते नाव घरातही रूढ झाले.

या ड्रॉवरचे छप्पर सपाट असते, आणि आमची गाडी अंगणातील कडुनिंबाखाली उभी राहते. ज्यांच्या दारी कडुनिंब आहे त्यांना माघ-फाल्गुनातील पानगळ वेगळी सांगायला नको. बाहेर काढलेल्या ड्रॉवरवर पाने आणि बारीक काड्या पडतात, आणि तो आत घेताना त्या काड्या रबराच्या बीडिंगमध्ये अडकून रबर चिरतात. मग पहिल्याच पावसात पाणी थेट अंथरुणावर येते. यावर उपाय म्हणून ड्रॉवरवर एक ऑनिंग बसवतात. कापडाची एक कड गाडीच्या भिंतीवरील पन्हळीत अडकवलेली असते आणि दुसरी ड्रॉवरच्या बाहेरच्या कडेवरील नळीभोवती गुंडाळलेली असते. नळीत स्प्रिंग असते. ड्रॉवर बाहेर आला की कापड उलगडते आणि आत गेला की स्प्रिंगच्या ओढीने आपोआप गुंडाळले जाते. यंत्रणा साधी आहे, पण ती कापड, शिवणीचा धागा आणि स्प्रिंग या तीनच गोष्टींवर उभी असल्याने त्यांतील एकही हलकी असून चालत नाही. मला तिन्ही हलक्या मिळाल्या.

पार्किंगच्या शेड, दुकानांची ऑनिंगे आणि बाल्कनीचे पडदे करणाऱ्या एका व्यावसायिकाचे नाव मला ओळखीतून कळले. त्याने नमुन्यांचा गठ्ठा समोर ठेवला, त्यातून गडद हिरव्या रंगाचा हातभर तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “काकाजी, हे इम्पोर्टेड ॲक्रिलिक आहे. शंभर टक्के वॉटरप्रूफ, आन् हवाबी खेळती राहते. पाच वर्षं हात लावाचं काम नाही जी.” तुकडा खरोखरच उत्तम होता. त्याच्या कोपऱ्यावर परदेशी कंपनीची विणलेली पट्टी होती, आणि तो तुकडा तुमच्याकडेच ठेवा, असे त्याने आग्रहाने सांगितले. त्या आग्रहाने मी विरघळलो, हे कबूल करतो.

वास्तविक त्याच वाक्यात मला शंका यायला हवी होती. ऑनिंगसाठी प्रामुख्याने दोन प्रकारची कापडे वापरतात. विणलेल्या ॲक्रिलिकमधून हवा खेळते आणि त्याचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत असल्याने तो उन्हात लवकर उडत नाही, पण ते पाणी रोखते म्हणजे बऱ्यापैकी रोखते. पाणी साचून राहिले तर ते हळूहळू झिरपतेच. पीव्हीसीचा थर दिलेल्या कापडातून पाणी जात नाही, मात्र हवाही जात नाही, आणि ते ओले गुंडाळून ठेवले तर बुरशी धरते. म्हणजे शंभर टक्के वॉटरप्रूफ आणि हवा खेळती, या दोन्ही गोष्टी एकाच कापडाबद्दल छातीठोकपणे सांगणारा मनुष्य एक तर अडाणी असतो किंवा ग्राहकाला अडाणी समजत असतो. हे ज्ञान मला नंतर झाले.

हिशेब असा ठरला: कापड, नळी आणि मजुरी मिळून ३९,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,०२० रुपये, एकूण ४६,०२० रुपये. ३०,००० रुपये आगाऊ दिले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दुकानाच्या नावाऐवजी एका भलत्याच व्यक्तीचे नाव दिसले. विचारले तेव्हा ‘घरचंच खातं आहे’ असे उत्तर मिळाले. पावती म्हणून जी चिठ्ठी दिली तिच्यावर ‘एस्टिमेट’ असे छापलेले होते आणि जीएसटी क्रमांक कोठेही नव्हता. जीएसटी लावला आणि क्रमांक दिला नाही, ही विसंगती आयुष्यभर सरकारी बिले तपासलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढून निसटली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माणसे आली ती सायंकाळी सहानंतर. काम संपले तेव्हा अंधार पडला होता, आणि जाताना त्यांनी आपली शिडीही नेली. दुसऱ्या दिवशी मी खालून पाहिले तर हिरवा रंग दिसला, कोपऱ्यावर ती विणलेली पट्टीही दिसली, आणि मी उरलेले १६,०२० रुपये पाठवून दिले. पट्टी पाहिली खरी. पण ती कापडाबरोबर आलेली नसून वेगळ्या पांढऱ्या दोऱ्याने वरून टाचलेली होती, हे जमिनीवरून दिसण्यासारखे नव्हते.

मार्च महिन्यात आम्ही मनसरच्या दिशेने निघालो असता कामठी सोडल्यावर टपावर फडफड ऐकू येऊ लागली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हात करून गाडी थांबवायला लावली. गुंडाळलेले कापड वाऱ्याने नळीवरून सुटून पिशवीसारखे फुगले होते. हा दोष बाहेरदेशी चांगल्या ऑनिंगलाही क्वचित होतो आणि त्यासाठी नळीला कुलूपपट्टी लावतात, एवढे मला तोवर वाचून माहीत झाले होते. त्यामुळे ऑनिंगवाल्या व्यावसायिकाने ‘इम्पोर्टेड लॉक’ म्हणून आणखी ६,५०० रुपये मागितले तेव्हा ते मी दिले. अर्धवट माहिती माणसाला अज्ञानापेक्षाही महाग पडते, हे सौभाग्यवतींचे त्या दिवशीचे मत होते. लॉक म्हणजे वेल्क्रोच्या दोन पट्ट्या निघाल्या.

मग उन्हाळा आला. मे महिन्यात आपल्या गावी ४५ अंश ही काही बातमी होत नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरीचे तापते नऊ दिवस, संपेपर्यंत कापडावर हात फिरवला तर बोटांना हिरवी भुकटी लागू लागली. फोन केला तर उत्तर आले, “काकाजी, यंदा ५६ डिग्री गेलं ना जी, त्याच्यात लोखंड नाही टिकत, हे तं कापडच आहे.” ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली होती हे खरे, पण संवेदक बिघडल्यामुळे ती नोंद चुकीची आली, असा खुलासा हवामान खात्याने लगोलग केला होता. मी तसे सांगितले. त्यानंतर त्याने माझा फोन उचलणे बंद केले.

जुलैमध्ये आम्ही खिंडसी तलावाजवळ मुक्कामाला होतो. रात्रभर पाऊस झाला. पहाटे पाहतो तर ड्रॉवरच्या मधोमध कापडाला झोळ आला होता आणि त्यात पाण्याचे तळे झाले होते. ताणलेल्या कापडावर पाणी थांबत नाही, ते बाहेरच्या कडेवरून ओघळून जाते. माझ्या नळीत मात्र ताणच नव्हता. मी स्टुलावर चढून मगाने पाणी उपसले तेव्हा १५ लिटरच्या तीन बादल्या भरल्या, म्हणजे त्या कापडावर ४५ किलो वजन रात्रभर लटकत होते. उरलेले पाणी आपोआप निथळेल, या समजुतीने मी बटण दाबले. ड्रॉवर आत सरकू लागला तसे पाणी भिंतीकडे ढकलले गेले, पन्हळीजवळची शिवण टर्रकन उसवली आणि सगळे पाणी बीडिंगवरून गादीवर आले. मेहुणे तेव्हा गादीवरच होते.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी शिवणकामाच्या डब्यातून तो नमुन्याचा तुकडा काढला आणि फाटलेल्या कापडाशेजारी ठेवला. नमुना नखाने खरवडला तर आतून हिरवाच होता. ऑनिंग खरवडले तर खाली पांढरी प्लास्टिकची वीण दिसली. दोन्हींचे १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचे तुकडे कापून मी इतवारीतील एका परिचित सराफाकडे नेले. अशा तुकड्याचे ग्रॅममधील वजन १०० ने गुणले, की चौरस मीटरचे वजन मिळते. नमुना भरला ३.१ ग्रॅम, म्हणजे ३१० ग्रॅमचे कापड, जे चांगल्या ॲक्रिलिकला साजेसे आहे. ऑनिंग भरले १.९ ग्रॅम. सराफाने चष्म्यावरून पाहत विचारले, “काकाजी, ताडपत्री सोन्याच्या भावानं घेतली काय?” ८ फूट बाय अडीच फूट जागेचा हिशेब केला तर ते सगळे कापड चारशे ग्रॅमच्या आत बसत होते. घरी गॅसवर सांडशीत धरून जाळून पाहिले तेव्हा नमुना काळा धूर सोडून भराभर जळाला आणि टोकाला कडक मणी झाला. ऑनिंगचा तुकडा मेणबत्तीसारखा ठिबकला आणि वासही मेणाचाच आला. ती साधी पॉलिथिनची ताडपत्री होती. नळी उघडल्यावर कळले, की तीत कार्यालयांच्या खिडक्यांना असते त्या रोलर ब्लाइंडची स्प्रिंग होती.

त्या व्यावसायिकाला प्रत्यक्ष जाऊन भेटलो. वॉरंटी कापडाला आहे, शिवणीला नाही, आणि नैसर्गिक आपत्तीला तर नाहीच, असे त्याने सांगितले. पक्के बिल मागितल्यावर दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर एका बिलाचे छायाचित्र आले. त्यावरचा जीएसटी क्रमांक मी पोर्टलवर टाकून पाहिला. ही तपासणी कोणालाही लॉगिन न करता विनामूल्य करता येते, आणि ती मी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी केली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. त्या क्रमांकापुढे दुसऱ्याच व्यवसायाचे नाव आणि नोंदणी रद्द झाल्याचा शेरा होता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण समोरच्याने प्रतिसादच दिला नाही. मग वकिलांमार्फत नोटीस पाठवून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यामुळे रक्कम लहान म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. माझ्या बाजूने उपयोगी पडले ते हे: एस्टिमेटची चिठ्ठी, यूपीआयचे तिन्ही व्यवहार, ‘पाच वर्षं’ असे लिहिलेला त्याचा संदेश आणि तो नमुन्याचा तुकडा, जो त्याने स्वतःच आग्रहाने दिला होता. अशा कामाला कोणी निघाले असेल तर कापड बसवण्यापूर्वी ठाणातून आपल्यासमोर फाडून घ्यावे, कोपऱ्यावर स्वतःची सही करावी, काम दिवसाउजेडी करवून घ्यावे आणि शिडीवर स्वतः चढून, ड्रॉवरवर दोन बादल्या पाणी ओतून, ते कोठून वाहते हे पाहिल्याशिवाय अखेरची रक्कम देऊ नये. हसतील, हसू द्यावे.

सध्या आमच्या ड्रॉवरवर वाडीच्या बाजूला ट्रकचे हूड शिवणाऱ्या एका कारागिराने करून दिलेले पीव्हीसीचे जाड कापड आहे. त्याला नळी नाही, स्प्रिंग नाही. मुक्कामी पोचल्यावर ते कडेच्या भोकांत दोऱ्या ओवून हाताने बांधायचे, मधोमध खाली चार इंची पाइप आडवा ठेवायचा म्हणजे घराच्या आढ्यासारखा उतार मिळतो, आणि निघताना झाडून, पुसून, घडी घालून ठेवायचे. त्याने ३,२०० रुपये घेतले, आणि बिल मी मागण्यापूर्वी दिले. गाडी उभी करताना उजव्या चाकांखाली फळी सरकवून ती ड्रॉवरच्या बाजूला किंचित कलती ठेवतो. एवढे उताराचे ज्ञान शेवटी कामी आले.

जुनी ताडपत्री पुरावा म्हणून पिशवीत घालून माळ्यावर ठेवली आहे. पावसाळ्यात कूलर झाकायला ती नेमकी पुरेल, असे सौभाग्यवती दोनदा म्हणाल्या, परंतु निकाल लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही, असे वकिलांनी बजावले आहे. त्यामुळे यंदाही कूलरवर जुनी चादरच आहे.