तीन पुड्या आणि न मागितलेलं बिल

माझं काम कृषी सेवा केंद्रात बिलं फाडायचं. जूनमध्ये गिऱ्हाइकांची रांग लागली की माझं एकच पालुपद चालू असतं: बिल जपा, पिशवी फेकू नका, टॅग काढू नका, मूठभर बियाणं बाजूला ठेवा. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही तेव्हा आमच्या लातूरकडे तक्रारींचा ढीग पडला होता. ज्याच्याकडे पावती-पिशवी होती त्याची तक्रार निदान कागदावर तरी उभी राहिली. ज्याने टॅग चुलीत घातला होता तो हेलपाटे घालून दमला. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने बायकोच्या पोटात जाणाऱ्या औषधाचं बिल मागितलं नाही.

आम्हाला दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरात आनंदाच्या आधी कुजबुज सुरू झाली. मावशीने मुलगा होण्याचं औषध देणाऱ्या एका माणसाचं नाव काढलं. सगळे त्याला मामा म्हणतात. "सोनोग्राफीवाल्यांवर धाडी पडतात, हे तर झाडपाल्याचं औषध. यात कसला आलाय गुन्हा?" असं मावशीचं म्हणणं. आईने काही न बोलता डब्यातले पैसे काढून माझ्या हातात ठेवले. पण बायकांनी भरीस घातलं असं म्हणून मला सुटता येणार नाही. गाडी मीच चालवली.

पत्र्याचं शेड, दारात चपलांचा ढीग, आणि भिंतीवर बाळांचे फोटो. सगळे मुलगे, कमरेला करदोटा. ज्यांना मुली झाल्या त्यांचे फोटो कुठे आहेत, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मामाने फक्त एवढंच विचारलं, "किती दिवस झाले?" दीड महिना, असं सांगितल्यावर म्हणाला, "वेळेवर आलात. दोन महिन्यांच्या आतच गर्भ वळतो."

भाव ठरलेला होता. ५,१०० आधी. मुलगा झाला की आणखी ११,०००. मुलगी झाली तर ५,१०० परत. सगळं रोख. जुन्या कॅलेंडरच्या पानाचे तुकडे करून त्याने तीन पुड्या बांधल्या. तीन दिवस, सूर्योदयाआधी, उपाशीपोटी, गोऱ्हा असलेल्या गाईच्या दुधातून घ्यायच्या. कागद लगेच जाळायचा. डॉक्टरला सांगायचं नाही, सांगितलं तर गुण येत नाही. त्या वेळी ते पथ्य वाटलं. आज वाटतं, या माणसाने आमच्याच हातांनी पुरावा जाळून घेतला आणि आमच्याच तोंडाला कुलूप लावून घेतलं.

हिशेब एकदा मांडून बघा. शंभर जण आले तर जवळपास पन्नास जणांना मुलगा होणारच, तुम्ही पुडी द्या नाहीतर चहापूड द्या. पन्नास गुणिले १६,१०० म्हणजे आठ लाख पाच हजार. उरलेल्यांचे पैसे परत केले तरी त्याच्या खिशाला काही झळ नाही. आणि परत मागायला जातं कोण? मुलगी झाली म्हणून पैसे मागायला जायची लाज वाटते. गेलंच कुणी, तर "पथ्य मोडलं असणार" हे उत्तर तयार असतं.

मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं, आणि ठरतं ते पुरुषाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर. हे आमच्या आशाताईंनी थोरलीच्या वेळीच सांगितलं होतं. दीड महिन्याच्या गर्भात मुलगा-मुलगी बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं, पण बिघडण्यासारखं सगळं असतं. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात हृदय, हातपाय, ओठ घडतात. टाळूचे दोन भाग त्यानंतर, बाराव्या आठवड्यापर्यंत जुळत येतात. मामाची 'बरोबर वेळ' ती हीच.

बायको म्हणाली, पूड करडी होती, ओव्यासारखा वास आणि मागून लोखंडासारखी चव. दुसऱ्या दिवशी ती ओकली. पुढच्या तपासणीला सिस्टरने विचारलं, "बाहेरचं काही औषध घेतलंय का?" उत्तर मी दिलं. नाही म्हणालो.

मुलगा झाला. दाईने त्याला पुसून दिलं तेव्हा ओठ ठीक होते, म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पहिल्यांदा अंगावर घेतलं आणि दूध नाकातून बाहेर आलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं. टाळूला मागच्या बाजूला फट होती. सिस्टरने वाटी-चमच्याने पाजायला शिकवलं: बाळाला उभं धरायचं, घोट घोट द्यायचा, मध्ये थांबायचं. पन्नास मिली दुधाला पाऊण तास लागायचा.

बारशाच्या आधी मामाचा फोन आला. बातमी त्याला कुठून लागली कोण जाणे. "मुलगा झाला ना? राहिलेले पाठवा. मोबाईलवरून नको, रोखच द्या." टाळूचं सांगितलं तर म्हणाला, "ते तुमच्या घराण्यातलं असेल. मी मुलगा म्हणालो होतो, मुलगा दिला." आणि मी ११,००० नेऊन दिले. ही गोष्ट लिहायला मला सगळ्यात जड जातेय.

शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ओठ-टाळूचा दोष साधारण सातशे बाळांमागे एकाला असतो, कुठलंही औषध न घेतलेल्या घरांतही असतो. तुमच्या बाळाला तो त्या पुडीमुळेच झाला असं मी लिहून देऊ शकत नाही, पुडीमुळे झाला नाही असंही नाही. हरियाणात अशा मुलगा होण्याच्या औषधांचा अभ्यास झाला आहे. ती घेतलेल्या बायकांच्या बाळांत जन्मजात दोषांचं आणि मृत जन्माचं प्रमाण जास्त आढळलं, आणि काही नमुन्यांत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारी वनस्पतींतली द्रव्यं सापडली.

मग वकीलसाहेबांकडे गेलो. ते आमच्याच दुकानाचे गिऱ्हाईक. त्यांनी माझंच पालुपद मला ऐकवलं, "बिल आहे? पिशवी? लेबल?"

त्यांनी सांगितलं ते असं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष मालाने इजा झाली तर बनवणारा जबाबदार असतो, आणि बनवणारा कोण हेच कळत नसेल तर विकणारा. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. म्हणजे कायदा आहे. पण विकलं त्यानेच, हे दाखवणार कशाने? दोषाचं कारण तीच पूड, हे कोण सांगणार? आणि 'मुलगी झाली तर पैसे परत' हा करारच मुळात बेकायदा कामाचा, असे पैसे कोर्ट वसूल करून देत नाही.

मग त्यांनी चष्मा काढला. "आता दुसरी बाजू ऐका. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणी आणि लिंगनिवडीला बंदी घालणारा कायदा, फक्त सोनोग्राफीचा नाही. ठरावीक लिंगाचं मूल व्हावं म्हणून काहीही देणं, हे लिंगनिवडीच्या व्याख्येतच येतं. देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. आणि मागायला जाणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. बायकोवर घरच्यांनी जबरदस्ती केली असंच कायदा धरून चालतो, कलम २४. तिला शिक्षा नाही. तुम्हाला आहे."

मामाचा धंदा कशावर उभा आहे ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. त्याची प्रत्येक तक्रारदार व्यक्ती आधी आरोपी असते. त्याला लायसन्स नको, लेबल नको, वकील नको. आमची लाज आणि आमचा गुन्हा हेच त्याचं संरक्षण.

नंतर मी थॅलिडोमाइडबद्दल वाचलं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं ते औषध गरोदर बायका मळमळीसाठी घ्यायच्या. जगभरात सुमारे दहा हजार बाळं हातापायांच्या दोषांसह जन्मली. तिथे खोक्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं, दुकानं होती. तरी १९६८ ला जर्मनीतल्या आल्सडॉर्फमध्ये उभा राहिलेला खटला १९७० मध्ये निकालाविना बंद झाला, आणि कंपनीने माफी मागितली ती २०१२ मध्ये. छापील नाव असताना ही गत. माझ्याकडे काय होतं, तर राख.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती उठली, माता-बाल कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घातला आणि कॅलेंडरच्या कागदाची एक पुडी माझ्यापुढे ठेवली. "दुसरीने ओकले तेव्हाच ठरवलं होतं. तिसरी घेतली म्हणून तुम्हाला खोटं सांगितलं." कागदावर सप्टेंबरचे चार वार होते.

वकीलसाहेब म्हणाले, घरातल्या पुडीने फार काही सिद्ध होत नाही. नमुना निरीक्षकानेच जागेवरून, पंचांसमोर, सील करून काढलेला लागतो. हे मला माहीत होतं, बियाण्याचंही तसंच असतं. तरी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात अर्ज दिला, माझ्या नावाने, मी काय केलं तेही त्यात लिहून. लिपिकाने दोनदा वाचला, मग आवक क्रमांक टाकला. पथक गेलं तेव्हा शेडला कुलूप होतं. आत भिंतीवर फोटोंचे खिळे तेवढे राहिले होते. माझ्यावर अजून गुन्हा दाखल झालेला नाही, पण होऊ शकतो. बाळाचं ऑपरेशन अकराव्या महिन्यात झालं. आता 'बाबा' म्हणताना 'ब' चा 'म' होतो, त्यासाठी वाचा-उपचार चालू आहेत.

कुणाच्या घरात अशी पुडी असेल तर ती पोटात घेऊ नका, आणि जाळूही नका. कागदासकट कोरड्या डबीत ठेवा, आणलेली तारीख, रक्कम आणि जागा लिहून ठेवा, आणि आधी डॉक्टरांना दाखवा. पोटात गेली असेल तर डॉक्टरांना नक्कीच सांगा, म्हणजे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचे अवयव नीट पाहिले जातील. आणि हे वाचून फिट्सच्या, थायरॉइडच्या वगैरे चालू गोळ्या कुणी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्यांची चिठ्ठी असते, बॅच नंबर असतो, आणि चुकलं तर विचारायला समोर माणूस असतो.