टोकियोहून एक दिवस: कामाकुरा की निक्को?
दिवस एकच असेल तर माझा कौल कामाकुराला. योकोसुका लाइनची गाडी टोकियो स्टेशनवरून तासाभरात थेट पोचवते. कोतोकुइन या बौद्ध मंदिरातला काशाचा बुद्ध सुमारे ११ मीटर उंच. १२५२ साली काम सुरू झालं. त्याच्यावरचं दालन केव्हाच नाहीसं झालं, शतकानुशतकं तो उघड्यावर बसलाय. जवळच हासेदेरा मंदिरात अकरा मुखांची लाकडी कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, ९ मीटरची. तिथून समुद्रही दिसतो.

निक्कोला आसाकुसाहून दोनेक तास, म्हणजे जाण्यायेण्यातच चार. शोगुन (लष्करी राज्यकर्ता) तोकुगावा इएयासूचं समाधी-मंदिर तोशोगू सोन्याने आणि कोरीवकामाने इतकं मढवलंय की डोळे थकतात. (प्रसिद्ध तीन माकडं तिथलीच.) ऑक्टोबरअखेर पानं रंगताना मात्र पहाटे उठून निक्कोच गाठा.

शनिवार-रविवारी कामाकुराची एनोडेन ही छोटी लोकल गच्च असते; स्टेशनपासून बुद्धापर्यंत अर्धा तास सरळ चालत जा.