भैरवी आधी का वाजते? लॅमिंग्टन रोडच्या कार टेपवाल्याचा अनुभव

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचात साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

गाडी माझी 2016 ची हॅचबॅक, स्टिरिओ कंपनीतूनच आलेला, यूएसबी, ब्लूटूथ, ऑक्स (फोन वायरनं जोडायची जागा) सगळं आहे पण मोठी स्क्रीन वगैरे भानगड नाही. बाबांना आठवड्यातून दोनदा मुलुंडहून परळला दवाखान्यात न्यावं लागतं, सायनला अडकलो की कधी कधी दीड दीड तास गाडीत, आणि बाबांना रेडिओ नको, जाहिराती नको, त्यांना त्यांच्या मैफली पाहिजेत. त्यांनी ऐंशी-नव्वदच्या काळात रेडिओवरनं कॅसेटवर भरून ठेवलेल्या, खोकीच्या खोकी. लॉकडाऊनमध्ये मला दुसरं काही काम नव्हतं तेव्हा बसून सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या. म्हटलं आता पेन ड्राइव्हवर टाकू आणि सुटलो.

सुटलो कसला. नवीन 64 जीबीचा पेन ड्राइव्ह आणला, स्टिरिओ म्हणतो सपोर्टच नाही. घरातला जुना 32 वाला शोधला, तो लागला, बाबा सीटबेल्ट लावून तयार, आणि मैफल सुरू झाली ती थेट भैरवीनं. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, संपली पण?" मग भैरवीनंतर मधलाच कुठला तरी राग, त्याचं द्रुत आधी, विलंबित नंतर. आता फायलींना मी नीट 01, 02 नंबर दिलेले, लॅपटॉपवर सगळं ओळीत दिसतं, आणि गाडीत गेलं की असा गोंधळ. दुसऱ्या एका फोल्डरमध्ये तर प्रत्येक गाण्याआधी दोन सेकंद एरर यायचा आणि मग पुढे उडी. तिसरा फोल्डर रिकामाच दाखवत होता. वर फोन ऑक्सला लावून चार्जिंग चालू केलं की कुंई असा आवाज, ॲक्सिलरेटर दाबला की तो पण चढतो, जणू गाडीच तान घेतेय.

आधी गेलो घराजवळच्या एका मोठ्या एसी शोरूममध्ये. तिथल्या पोरानं स्वतःचा पेन ड्राइव्ह लावला, त्याचं गाणं धडाधड वाजलं, मग माझा लावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला सर युनिटचा डीकोडर, म्हणजे फाइल वाचून गाणं वाजवणारा भाग, गेलाय, नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीनवाला स्टिरिओ बसवून टाकू, फिटिंगसकट 16,500. अरे बाबा, तुझा वाजला ना आत्ता? मग डीकोडर गेला कसा? याचं उत्तर काही मिळालं नाही, फक्त ईएमआय पण होतो असं मिळालं.

ऑफिसातल्या एकानं मग लॅमिंग्टन रोडचं हे दुकान सांगितलं. भडकमकर मार्ग हे नाव फक्त पत्त्यात, बोलताना सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. दुकानाचं नाव विचाराल तर नाव नाहीच, बोर्डावर फक्त 'कार टेप स्पीकर रिपेअरिंग' एवढंच, तेही उन्हानं अर्धं उडालेलं. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जायचं, मेन रोडवर नाही, आतल्या गल्लीत. काका साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर. मी फोनवर विचारलं होतं गाडी कुठे लावू, तर म्हणाले, "गाडी कशाला आणताय साहेब, ताप गाडीला नाय, पेन ड्राइव्हला आहे. तो खिशात घाला आणि ट्रेननं या." इथेच माणूस आवडला. मुलुंड ते दादर, तिथून वेस्टर्नची स्लो, पार्किंगचा प्रश्नच नाही.

काउंटरवर काकांनी फळीवर पाच-सहा वेगवेगळे जुने स्टिरिओ 12 व्होल्टच्या सप्लायला जोडून ठेवलेत, माझ्या गाडीवाला पण होता. त्यात माझा पेन ड्राइव्ह घातला, भैरवी वाजली, काका हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. पेन ड्राइव्हमध्ये म्हणे हजेरीबुकासारखी यादी असते, फाइल ज्या क्रमानं कॉपी झाली त्या क्रमानं तिचं नाव लिहिलं जातं. लॅपटॉप नावं बघून नीट लावून दाखवतो म्हणून आपल्याला कळत नाही, पण हे स्वस्तातले स्टिरिओ नंबर-बिंबर बघत नाहीत, हजेरीबुकात जसं आहे तसं वाजवतात. "तुम्ही सगळ्या सिलेक्ट करून शेवटच्या फाइलवर माउस धरून ओढल्या असणार," म्हणाले. मी खरंच तसंच केलं होतं, च्यायला! काकांनी त्यांच्या डबड्या डेस्कटॉपवर फॅटसॉर्ट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं, मिनिटभरात यादी नावाप्रमाणे लागली, परत फळीवर घातला आणि भैरवी गेली शेवटी, जिथे असते तिथे.

64 वाल्याचं कारण अजून साधं निघालं. पेन ड्राइव्हवर फायली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, तो एक्सफॅट नावाच्या पद्धतीत फॉरमॅट होता आणि माझा स्टिरिओ फक्त फॅट 32 ही पद्धत ओळखतो. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीच्या वर फॅट 32 चा पर्यायच आला नाही, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागलं, ते पण त्यांनी करून दिलं. एवढंच बजावलं की फॅट 32 वर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, पण गाण्यांना काय फरक पडतो.

एररवाल्या फोल्डरची गंमत वेगळीच. तो भाचीनं तिच्या मॅकबुकवरनं भरून दिला होता. काकांनी विचारलं, गाणी किती? म्हटलं 206. स्टिरिओवर आकडा दाखवला, 412! मॅक म्हणे प्रत्येक फाइलबरोबर स्वतःची एक बारकी लपलेली फाइल टाकून ठेवतो, नाव तेच पण पुढे टिंब आणि अंडरस्कोर. आपल्याला दिसत नाही, स्टिरिओला मात्र ती पण एमपी3 च वाटते, तो बिचारा वाजवायला जातो, आत गाणंच नाही, मग एरर. लपलेल्या फायली दाखवा हा पर्याय चालू करून सगळ्या उडवल्या, संपलं. भाचीला फोन करून ऐकवलं, ती म्हणते मामा मॅक चुकत नाही तुझी गाडी जुनी आहे.

रिकाम्या फोल्डरमध्ये मी फ्लॅक फायली (आवाजातलं काही न गाळता साठवणाऱ्या) ठेवल्या होत्या, त्या पण 24 बिट 96 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीपेक्षाही बारीक नोंदीच्या, कारण लॉकडाऊनमध्ये मला जरा जास्तच उत्साह होता. माझा स्टिरिओ एमपी3 आणि डब्ल्यूएमए या दोन प्रकारच्या फायलींच्या पुढे जात नाही, त्यामुळे त्याला त्या दिसतच नव्हत्या. काकांनी आकडे बघितले आणि चष्मा खाली घेतला. "साहेब, सीडीला पण 44.1 आणि 16 बिट पुरतं. तुम्ही कॅसेटची खरखर 96 मध्ये साठवलीत?" दुकानातला पोरगा पण हसायला लागला. असो. मूळ फायली घरी ठेवा आणि गाडीसाठी 320 केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची, एमपी3 करा, टायरच्या आवाजात कुणाला फरक कळणार नाही असं म्हणाले, आणि खरं सांगतो, मला नाही कळला.

या सगळ्याचे घेतले 300 रुपये. तीनशे! समोर 16,500 आठवा.

कुंई आवाजासाठी मात्र गाडी न्यावी लागली, पुढच्या शनिवारी. ती अर्थिंगची भानगड, चार्जर आणि ऑक्स दोन्ही गाडीच्या अर्थला वेगवेगळ्या ठिकाणी जोडले गेले की मध्ये लूप तयार होतो आणि अल्टरनेटरचा (गाडीत वीज तयार करतो तो) आवाज त्यातनं गाण्यात शिरतो. फोन चार्जिंगवरनं काढला की आवाज बंद, ही त्याची खूण. काकांनी पॅनल उघडून स्टिरिओची अर्थ वायर घट्ट केली, थोडा कमी झाला, मग ऑक्सच्या मध्ये तो लूप तोडणारा एक डबीएवढा आयसोलेटर लावला 250 चा, आवाज गायब. बास किंचित कमी झाला असं मला वाटतं, त्यांनी पण आधीच सांगितलं होतं की स्वस्तातल्या डबीत तेवढं होतं.

आता अर्धा स्टार. पॅनल उघडताना पोरानं एक क्लिप तोडली आणि बोलला नाही, आता खड्ड्यातनं गेलं की डॅशबोर्ड टकटक करतो, आणि मुंबईत खड्ड्यातनं कधी जात नाही आपण? फोन केला तर काकांनी पोराला तिथेच झापलं, मला ऐकू येईल असं, आणि या म्हणाले फुकट लावून देतो. बाकी दुकान अकराच्या आधी उघडत नाही, रविवारी बंद, बसायला एक स्टूल, त्यावर पण बहुतेक वेळा कुणाचा तरी ॲम्प्लिफायर बसलेला असतो.

एक गोष्ट त्यांच्याकडनं पण झाली नाही. विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये सेकंदभर तुटतं, तबला चालू असताना मधेच शांतता. ते युनिटचंच आहे म्हणाले, दोन्ही फायली जोडून एक करा, दुसरा उपाय नाही. दहा-बारा मैफली जोडून झाल्यात, बाकीच्या रोज रात्री एक एक. क्लिपसाठी येत्या शनिवारी जायचंय, यावेळी गाडी घेऊन, पार्किंगचं काय ते तिथे गेल्यावर बघू.