पोटातली कळ: घरी थांबावं की निघावं?

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात एका रात्री माझं पोट दगडासारखं कडक झालं. सासूबाई म्हणाल्या, "असं होतंच गो, जरा पड." शेजारच्या काकी म्हणाल्या, "गाडी काढा." दोघींनी घरातली बाळंतपणं पाहिलेली, दोघी मायेनंच बोलत होत्या. गोव्यात डिचोलीतल्या त्या घरात रात्री साडेअकराला ठरवायचं मात्र मला होतं. दोन बाळंतपणांनंतर माझं ठाम मत झालंय: पोट किती दुखतं यावरून काही ठरवू नका. दुखणं कशानं थांबतं आणि त्याच्या सोबतीला काय आहे, ते बघा.

पहिल्या तीन महिन्यांत पाळीआधीसारखं ओटीपोट ओढल्यासारखं वाटतं. गर्भाशय वाढू लागलेलं असतं. हे दुखणं येतं-जातं, दोन्ही बाजूंना असतं आणि कामात असलो की विसरायला होतं. त्याच दिवसांत, साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात, गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल तर दुखणं बहुधा एका बाजूला धरून बसतं. अंगावर थोडं लाल-तपकिरी जातं, चक्कर येते. काहींचा तर खांदाच दुखतो, कारण पोटात रक्त साचलं की त्याची कळ तिथे पोचते. पहिली सोनोग्राफी झाली नसेल आणि असं काही होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. नुसता रक्तस्राव असला तरी दाखवायचंच. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना तो आधी सांगा, कारण अँटी-डीचं इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) लागलं तर ते शक्यतो ७२ तासांच्या आत द्यावं लागतं.

चौथ्या महिन्यानंतर कुशीवर वळताना किंवा शिंकताना जांघेत सुरी फिरवल्यासारखी कळ येते. गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले जातात, म्हणून. ती काही सेकंदांची असते आणि हालचाल थांबली की जाते. ही कळ घाबरवते खूप, पण बाळाला तिचा त्रास नाही. मी फसले ते याच्या उलट प्रकारात. पाचव्या महिन्यात ओटीपोटात मंद ठसठस होती, बसलं तरी तीच आणि झोपलं तरी तीच. लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं, म्हणून गॅस असेल असं समजून मी ओव्याचं पाणी घेत राहिले. जिथे दाखवलं तिथेही "होतं असं" म्हणून परत पाठवलं. लघवीला जळजळ होते हे मी संकोचानं सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि दाखल व्हावं लागलं. लघवीतला जंतुसंसर्ग गरोदरपणात मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि अवेळी कळाही सुरू करू शकतो. गॅस असेल तर शौचाला झाल्यावर किंवा वारा सरल्यावर बरं वाटतं. तसं वाटलं नाही, की लघवी तपासून घ्या.

आता ज्यानं सगळ्यांत जास्त गोंधळ होतो ते: खोट्या कळा आणि खऱ्या कळा. खोट्या कळेत पोट समोरून आवळतं आणि सुटतं, पण त्याला ताल नसतो. एकदा दहा मिनिटांनी, मग पाऊण तासानं, मग नाहीच. मे महिन्याच्या घामात पाणी कमी पडलं तरी त्या येतात. खरी कळ बरेचदा कमरेतून निघून पुढे येते. दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो आणि कूस बदलून ती थांबत नाही. सोबत काही धोक्याचं लक्षण नसेल तर आधी लघवी करून या, दोन पेले पाणी प्या, डाव्या कुशीवर पडा आणि तासभर घड्याळ बघून प्रत्येक कळ लिहून ठेवा. ३७ आठवडे भरण्याआधी तासाभरात चार किंवा जास्त कळा आल्या, तर त्या दुखत नसल्या तरी निघा. इतकी घाई का? ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होण्याची चिन्हं असतील, तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देतात. त्यांचा पूर्ण गुण यायला एक-दोन दिवस लागतात. घरी वाट पाहण्यात गेलेले तास त्यातूनच वजा होतात.

काही लक्षणांत तुलना करत बसूच नये, सरळ निघावं. पोट कडक होऊन सैलच होत नाही आणि सतत दुखतं, मग रक्त दिसो वा न दिसो. पाणी जातंय. बाळाची हालचाल कमी झाली. स्कूटरवरून पडलात किंवा पोटाला मार बसला. आणि विसाव्या आठवड्यानंतर उजव्या बरगडीखाली दुखतं, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे चमकतं. याला पित्त समजून सोलकढी पिऊन झोपू नका. ते वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं. दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात.

थांबायचं की निघायचं हे ठरवताना रस्ताही हिशेबात धरा. म्हापशात राहणाऱ्या बाईला आझिलो, म्हणजे उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय, जवळ आहे; मडगावकरणीला दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक अजून हॉस्पिसियो म्हणतात. सत्तरीतल्या आतल्या गावातून बांबोळीच्या गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, पोचायला तासाहून जास्त लागतो, आणि दिवाडी बेटावरून निघायला फेरीबोट आहे. ज्यांचा रस्ता लांब, त्यांनी लवकर निघायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केलात तर कितवा महिना, रक्त जातंय का आणि कळा किती मिनिटांनी येतात ते आधी सांगा. महिने भरले नसतील तर नवजात बाळाच्या अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या ठिकाणीच न्यायला सांगा. गोमेकॉत ती आहे.

त्या रात्री पहिल्या तासात माझ्या वहीत तीन कळा नोंदल्या गेल्या, दुसऱ्या तासात एक. बाळ नेहमीसारखं लाथा मारत होतं. मी झोपले. काकींच्या मुलानं मात्र गाडी तोंड रस्त्याकडे करून लावून ठेवली होती, आणि माझी फाईल पुढच्या सीटवर होती.